‘खोलीचे तापमान’ म्हणजे किती?

विज्ञानविषयक पुस्तिका मराठीत आणण्याचे काम करणाऱ्यास अवघड परिभाषा फारशी फसवीत नाही. अनोळखी शब्दापाशी आपण थांबतो, कोश उघडतो, जाणकारास विचारतो आणि मगच पुढे जातो. फसवितात ते सोपे शब्द. ते वाचताना डोळा अडखळत नाही, लिहिताना हात थबकत नाही, आणि मूळ ग्रंथातील संदिग्धता आपल्या भाषेत बिनबोभाट येऊन बसते. अशाच एका सोप्या शब्दजोडीविषयी येथे लिहावयाचे आहे. ती शब्दजोडी म्हणजे ‘खोलीचे तापमान’.

रासायनिक पृथक्करणावरील एका पुस्तिकेचा अनुवाद करीत असता मी असे वाक्य लिहिले : ‘द्रावण खोलीच्या तापमानाला आल्यावर खुणेपर्यंत पाणी घालावे.’ मूळ इंग्रजी वाक्याशी ते शब्दशः जुळत होते. मसुदा भिलाई-३ येथील एका वयोवृद्ध रसायनज्ञांना वाचावयास दिला. त्यांचे सारे आयुष्य प्रयोगशाळेत गेलेले. वस्तीतील लहानथोर त्यांना काका म्हणतात. मे महिना होता. मसुदा परत आला तेव्हा त्या वाक्याखाली रेघ होती आणि समासात दोनच शब्द होते : ‘कोणाच्या खोलीचे?’ पुढे भेट झाली तेव्हा ते म्हणाले, “अहो, तुमच्या ग्रंथकर्त्याची खोली वीस अंशांची. माझ्या खोलीत आज दुपारी अडतीस अंश आहेत. तुमचे वाक्य वाचून मुलगा बिचारा अडतीस अंशांना खूण गाठील आणि पुस्तकाप्रमाणेच वागलो असे समजेल.”

काकांचा आक्षेप वरवर पाहता शब्दच्छल वाटेल. तो तसा नाही, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

पृथक्करणाचा आकडा किती मोलाचा असतो हे भिलाईच्या परिसरात राहणाऱ्यास निराळे सांगावयास नको. विसाव्या शतकाच्या प्रारंभी दोराबजी टाटा यांचे लक्ष नागपूरच्या संग्रहालयातील भूस्तरीय नकाशाकडे गेले आणि दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाच्या खुणा त्यांना दिसल्या. त्यांचा कारखाना पुढे साकचीस उभा राहिला. दुर्गच्या खनिजाला आणखी अर्धशतक वाट पाहावी लागली. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज आणि नंदिनीचा चुनखडक यांवर हा सारा उद्योग वाढला. खनिजात लोह किती टक्के, चुनखडकात सिलिका किती टक्के, या आकड्यांवर भट्टीचे गणित आणि मालाची किंमत ही दोन्ही ठरतात. कारखान्याच्या भोवती लहानमोठ्या उद्योगांच्या, पाणीपुरवठ्याच्या आणि महाविद्यालयांच्या ज्या प्रयोगशाळा असतात, त्यांतही रोज असेच आकडे काढले जातात. त्यांतील कित्येक खोल्यांत थंड हवेचे यंत्र नसते. हिवाळ्यातील सकाळी अशा खोलीत तापमापकाचा पारा १५ अंशांच्या आसपास असतो. उन्हाळ्यातील दुपारी तो ४० अंशांशी येऊन भिडतो. दोन्ही वेळा पुस्तक एकच गोष्ट सांगते : ‘खोलीचे तापमान’.

आता या २५ अंशांच्या फरकाने नेमके काय होते ते पाहू. पाणी तापले की प्रसरण पावते, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. किती, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी नसते. १५ अंश सेल्सिअसला एक मिलिलिटर पाण्याचे वस्तुमान ०.९९९१० ग्रॅम असते. २० अंशांना ०.९९८२१, २७ अंशांना ०.९९६५१ आणि ४० अंशांना ०.९९२२२ ग्रॅम. याचा अर्थ असा की, २० अंशांना जे पाणी बरोबर एक लिटर होते, ते ४० अंशांना सुमारे ६ मिलिलिटरने वाढते. काचही प्रसरण पावते, परंतु अगदी थोडी. बोरोसिलिकेट काचेच्या एक लिटर कुप्पीची धारणशक्ती तेवढ्याच तापमानवाढीने जेमतेम ०.२ मिलिलिटरने वाढते. पाण्याचे प्रसरण याच्या तीसपट झाले. म्हणून कुप्पीवर कोरलेला २० किंवा २७ हा आकडा पाहून ‘काच कोणत्या तापमानाची?’ एवढीच चौकशी करणारा मनुष्य लहान चुकीचा पाठलाग करतो आणि मोठी चूक निसटू देतो. काचेपेक्षा काचेतील द्रव कोणत्या तापमानाचा आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

एक उदाहरण घेऊ. लोहखनिजातील लोह मोजण्याची एक जुनी आणि विश्वासू रीत म्हणजे पोटॅशियम डायक्रोमेटने केलेले अनुमापन. खनिज अम्लात विरघळवावे, त्यातील लोह फेरस अवस्थेत आणावे आणि ब्युरेटमधून डायक्रोमेटचे प्रमाणद्रावण थेंबथेंब सोडीत रंग पालटेपर्यंत किती मिलिलिटर लागले ते वाचावे. दशांश नॉर्मल द्रावणासाठी ४.९०३ ग्रॅम शुद्ध डायक्रोमेट तोलून त्याचे एक लिटर द्रावण करतात. समजा, हे द्रावण थंड हवेच्या खोलीत २७ अंशांना केले आणि बाटली दुपारी बाजूच्या न थंडावलेल्या खोलीत नेऊन ४० अंशांना वापरली. द्रावण फुगले, प्रत्येक मिलिलिटरातील डायक्रोमेट सुमारे ०.४ टक्क्याने कमी झाले. जेथे ४० मिलिलिटर लागावयाचे तेथे ४०.१७ मिलिलिटर लागतील. पन्नास मिलिलिटरच्या उत्तम प्रतीच्या ब्युरेटला जी चूक क्षम्य मानतात ती ०.०५ मिलिलिटर आहे. येथे तिच्या तिपटीहून अधिक चूक झाली, आणि तीही ब्युरेट निर्दोष असता, वाचणाऱ्याची दृष्टी निर्दोष असता! ज्या खनिजात वस्तुतः ६४ टक्के लोह आहे, त्यात ६४.२७ टक्के असल्याचा दाखला दिला जाईल. पाव टक्क्याचा हा फरक हजार टन खनिजामागे २.७ टन लोहाचा होतो.

आता याच्या उलट कल्पना करा. दुसऱ्या एका प्रयोगशाळेत द्रावण भर दुपारी ४० अंशांना खुणेपर्यंत भरले आणि दुसऱ्या दिवशी २५ अंशांच्या खोलीत वापरले. ते आकुंचन पावून अर्ध्या टक्क्याने तीव्र झालेले असेल, आणि त्याच खनिजात लोह ६४ ऐवजी ६३.७ च्या आसपास भरेल. पहिली प्रयोगशाळा विक्रेत्याची आणि दुसरी ग्राहकाची असेल, तर पुढे काय होते ते व्यवहार जाणणाऱ्यांनी ओळखावे. दोन्हीकडचे रसायनज्ञ मन लावून काम करणारे, दोघांच्याही वह्या स्वच्छ, आणि तरीही प्रत्येकास दुसरा लबाड किंवा बेफिकीर वाटतो. अशा वादात बहुधा धनी साहेबावर रागावतो, साहेब मदतनिसावर. आणि ज्याने ब्युरेट धरली त्या कनिष्ठ माणसाच्या माथी दोष बसतो. वहीत तापमानाचा आकडा असता तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता. तो नसल्यामुळे माणसाच्या सचोटीवर शिंतोडा उडतो. मला या प्रश्नाचे गांभीर्य येथे वाटते.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. चूक उष्णतेमुळे होत नाही. ती फरकामुळे होते. द्रावण ४० अंशांना केले, ४० अंशांनाच त्याची शक्ती पडताळली आणि ४० अंशांनाच वापरले, तर प्रसरण दोन्हीकडे सारखे असल्यामुळे उत्तर जवळजवळ बरोबर येते. आपल्याकडील जुन्या, अनुभवी रसायनज्ञांनी पंख्याखालच्या खोल्यांत जी भरवशाची कामे केली, त्यांचे रहस्य हेच होते. रोज सकाळी ज्ञात नमुन्याशी द्रावण ताडून पाहण्याची त्यांची शिस्त होती. तेव्हा प्रत्येक प्रयोगशाळेस थंड हवेचे यंत्र मिळेपर्यंत अचूकतेची गोष्टच नको, असे म्हणणे हा आळसाला दिलेला आधार ठरेल.

तथापि सर्वच मापने इतकी सोशिक नसतात. कित्येक ठिकाणी तापमानाने मोजण्याचे साधनच नव्हे, तर मोजावयाची वस्तूच पालटते. पाण्याचा पी-एच घ्या. शुद्ध, उदासीन पाण्याचा पी-एच ७ असतो हे वाक्य आपण सर्वांनी पाठ केले आहे. ते २५ अंशांपुरते खरे आहे. ४० अंशांना उदासीन पाण्याचा पी-एच ६.७७ असतो, आणि तरी ते पाणी अम्लधर्मी झालेले नसते. पी-एच मापकावर तापमानाच्या दुरुस्तीची सोय असते, तिच्यावर पुष्कळजण भिस्त ठेवतात. परंतु ती सोय विद्युदग्राच्या उताराची दुरुस्ती करते. हा उतार २५ अंशांना पी-एचच्या एका एककामागे ५९.२ मिलिव्होल्ट आणि ४० अंशांना ६२.१ मिलिव्होल्ट असतो. नमुन्याच्या अंगचा जो बदल आहे त्याची भरपाई ती सोय करीत नाही आणि करूही नये. टाकणखाराच्या ज्या प्रमाणद्रावणाने मापक जुळवितात, त्याचाही पी-एच २५ अंशांना ९.१८ आणि ४० अंशांना ९.०७ असतो. बाटलीवरील चिठ्ठीत हे कोष्टक छापलेले असते. ते वाचण्याची सवय मात्र लावावी लागते.

तलावाच्या किंवा नदीच्या पाण्यातील विरघळलेल्या प्राणवायूचेही असेच. समुद्रसपाटीच्या वायुदाबाला २० अंशांच्या पाण्यात दर लिटरला ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना ७.६ आणि ४० अंशांना ६.४ मिलिग्रॅम. पाश्चात्त्य पुस्तकातील नऊचा आकडा डोळ्यांसमोर ठेवून आपल्याकडच्या ३० अंशांच्या तलावाचे पाणी तपासणारा विद्यार्थी ७.६ हे उत्तर मिळवितो आणि ‘प्राणवायू सतरा टक्के कमी, पाणी दूषित’ असा निष्कर्ष लिहून मोकळा होतो. वस्तुतः त्या पाण्याने आपल्या तापमानाला शक्य तेवढा सगळा प्राणवायू घेतलेला आहे. निर्दोष तलाव येथे दोषी ठरतो. याच्या उलट, दूषित पाण्याचे दोषही उन्हाळ्यावर ढकलून देता येतात. दोन्ही चुकांवर उपाय एकच : पाण्याचे तापमान पाण्यापाशीच मोजून तेथेच टिपणे.

तराजूही यातून सुटत नाही. तापलेली मूस शोषकपात्रात पुरती निववल्यावाचून तोलली, तर तिच्याभोवतीची हवा तापून वर चढते आणि मूस खऱ्यापेक्षा हलकी भरते. मे महिन्यात तोलनगृहातील पंखा बंद करावयास कोणी तयार नसतो. पण चालू पंख्याखाली चौथ्या दशांश स्थळाचा आकडा स्थिर राहत नाही, आणि बंद खोलीत घामाने भिजलेल्या बोटांचा ठसा वजनात भर घालतो. या अडचणी खऱ्या आहेत. त्यांची थट्टा करण्याऐवजी त्या वहीत नोंदल्या पाहिजेत.

‘खोलीचे तापमान’ या शब्दांमागे प्रत्येक देशाची आपापली खोली दडलेली आहे, याचा एक मनोरंजक पुरावा रसायनशास्त्राच्या इतिहासात सापडतो. अनुमापनाच्या पद्धतीला ज्याने सुव्यवस्थित रूप दिले, त्या कार्ल फ्रीड्रिख मोहर या जर्मन रसायनज्ञाने सोयीसाठी आपला निराळा लिटर ठरविला होता. १७.५ अंशांना हवेत तोललेल्या एक हजार ग्रॅम पाण्याचे जे आकारमान, तो मोहरचा लिटर. खऱ्या लिटरपेक्षा तो सुमारे २ मिलिलिटरने मोठा भरे. थंड देशातील प्रयोगशाळेचे तापमान अशा रीतीने मापाच्या एककातच शिरले, आणि दोन लिटरांची पात्रे एका फळीवर नांदू लागल्याने घोटाळे होऊ लागले. खुद्द लिटरची अधिकृत व्याख्याही १९०१ पासून १९६४ पर्यंत एक किलोग्रॅम पाण्याच्या महत्तम घनतेच्या वेळच्या आकारमानाशी, म्हणजे सुमारे ४ अंशांच्या पाण्याशी, बांधलेली होती. १९६४ साली ती घन डेसिमीटरशी जोडण्यात आली. माप आणि तापमान यांचे नाते तोडण्यास विज्ञानाला असे फार दिवस लागले.

आपल्या देशाने या बाबतीत शहाणपणाचे पाऊल टाकले होते. वीस अंशांची खोली येथे सहज मिळत नाही हे ओळखून भारतीय मानकांनी चाचणीसाठी २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता ही प्रमाणभूत स्थिती धरली, आणि काचपात्रांसाठीही २७ अंशांचा संदर्भ स्वीकारला. आंतरराष्ट्रीय मानकांत काचपात्रांचे मूळ संदर्भ तापमान २० अंश आहे. परंतु उष्ण देशांस तेथेही २७ अंशांची मोकळीक ठेवलेली आहे. हा २७ चा आकडा म्हणजे आपल्या हवामानाला विज्ञानाच्या दप्तरात मिळालेली जागा होय. तो आपल्या काचेवर कोरला गेला. आपल्या पुस्तकांत मात्र तो अद्याप उतरलेला नाही. तेथे अजून परक्या खोलीचेच तापमान चालू आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो माझ्या व्यवसायबंधूंकडूनच येईल. अनुवादकाने मुळाशी इमान राखावे. मुळात आकडा नसेल तर तो घालण्याचा अधिकार त्यास कोणी दिला? आक्षेप वजनदार आहे. परंतु इमान कोणाशी, याचा विचार केला पाहिजे. ललित वाङ्मयात लेखकाच्या शब्दाशी इमान राखावे हे खरे. प्रयोगाच्या कृतीत लेखकाला जे घडवून आणावयाचे होते, त्याच्याशी इमान राखले पाहिजे. शिवाय या शब्दांचा अर्थ त्यांच्या माहेरीही एक नाही. युरोपीय औषधसंहितेत खोलीचे तापमान म्हणजे १५ ते २५ अंश. जपानी औषधसंहितेत १ ते ३० अंश. तेथील वाचकास आपल्या संहितेची व्याख्या हाताशी असते. आपण शब्द तेवढे उचलतो आणि व्याख्या मागेच ठेवतो. मग भिलाई-३ चा विद्यार्थी त्या शब्दांत आपली खोली भरतो, आणि ते त्याच्या दृष्टीने योग्यच असते. मुळाचा अर्थ असा आपल्याच हातून हरवला, तर शब्दशः जुळणी कोणाच्या उपयोगाची?

दुसरा आक्षेप असा की, मोठ्या कारखान्यांत आता वर्णपटमापक यंत्रे थोड्या अवकाशात पोलादाचे सर्व घटक सांगतात, तेव्हा ब्युरेट आणि तापमापक यांची ही चिंता जुनी झाली. पण यंत्र आपण होऊन काही जाणत नाही. त्यास ज्ञात नमुने दाखवून शिकवावे लागते, आणि त्या नमुन्यांची टक्केवारी शेवटी तराजू व आकारमान यांसारख्या मूलभूत मापनांवरच टेकलेली असते. पायातील चूक कळसापर्यंत पोचते. विद्यार्थ्यांच्या प्रयोगांना एवढी सूक्ष्मता कशास, असेही कोणी विचारील. विद्यार्थ्याचे उत्तर अर्ध्या टक्क्याने चुकले तर जगाचे काही बिघडत नाही, हे मान्य. मात्र पुस्तकातील उत्तराशी आपले उत्तर जुळत नाही असे दिसल्यावर तो काय करतो? कारण ठाऊक नसलेला मुलगा आकडा ‘जुळवून’ घेतो. खोटे लिहिण्याचा पहिला धडा त्यास प्रयोगशाळेतच मिळतो. कारण ठाऊक असलेला मुलगा शेजारी तापमान लिहितो आणि आपले खरे उत्तर ताठ मानेने मांडतो. हा फरक अर्ध्या टक्क्याचा नाही.

मग करावे काय? सुचवावयाच्या गोष्टी थोड्या आणि स्वस्त आहेत. अनुवादकांनी आणि पाठ्यपुस्तककारांनी ‘खोलीचे तापमान’ हे शब्द प्रयोगाच्या कृतीतून काढून टाकावेत आणि तेथे अंशांचा आकडा द्यावा. मुळाचा आकडा निश्चित होत नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. प्रयोगवहीत प्रत्येक वाचनाशेजारी तापमानाचा एक रकाना आखावा, आणि परीक्षकांनी त्या रकान्यास गुण ठेवावेत. कारण आपल्याकडे ज्यास गुण नाहीत ते शिकले जात नाही. द्रावणांच्या बाटल्या ज्या खोलीत वापरावयाच्या तेथेच आदल्या रात्री ठेवाव्यात, द्रावणाची शक्ती त्याच दिवशी पडताळावी, आणि हे शक्य नसेल तेव्हा पाण्याच्या घनतेच्या कोष्टकावरून दुरुस्ती करून ती दुरुस्ती वहीत दाखवावी. भिंतीवर एक बरा तापमापक लावावा आणि दुसरा द्रावणात बुडविण्यासाठी ठेवावा. हवेचे तापमान आणि द्रवाचे तापमान एकच असते असे गृहीत धरू नये. यांतील कोणत्याही गोष्टीस मोठ्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

माझ्यापुरते सांगावयाचे तर काकांनी रेघ ओढलेले ते वाक्य मी बदलले. मूळ पुस्तिकेतील काचपात्रे २० अंशांची होती. आपल्याकडील वाचकांच्या हाती २७ अंशांची असतात. म्हणून आता ते वाक्य असे आहे : ‘द्रावण २७ अंश सेल्सिअसला आणून मगच खुणेपर्यंत पाणी घालावे, ते शक्य नसल्यास द्रावणाचे त्या वेळचे तापमान वहीत लिहावे.’ वाक्य पूर्वीपेक्षा लांब झाले. काकांनी ते वाचले आणि या खेपेस समासात काही लिहिले नाही.